आजीनं न फिरवलेलं चाक

पॉटरीच्या वर्गाला नाव घालायला गेले तेव्हा फॉर्मवर एक रकाना होता : मातीकामाचा पूर्वानुभव. मी 'नाही' असं लिहिलं. आठ वर्गांचे साडेपाच हजार रुपये भरले आणि बाहेर पडले. आमचं आडनाव गावाच्या नावाला 'कर' जोडून झालेलं आहे, त्यामुळे कुणाला काही कळायचं कारण नव्हतं. पण आम्ही कुंभार. माझे आजोबा सातारा जिल्ह्यातल्या एका गावचे शेवटचे बलुतेदार कुंभार होते. वर्षभर गावाला मडकी पुरवायची आणि सुगीत खळ्यावरून धान्य आणायचं, हा त्यांचा हिशोब. वडील पिंपरीला कारखान्यात लागले आणि आमच्यापुरतं चाक थांबलं.

तरी 'नाही' हे उत्तर खोटं नव्हतं. चाक चालू असतं तरी मला त्यावर बसायला मिळालं नसतं.

माझी आजी लग्न होऊन कुंभाराच्या घरातून कुंभाराच्या घरात आली. तिनं माती चाळली, भिजवली, तुडवली. लीद आणि राख मिसळून चुली थापल्या, बेंदराला बैलजोड्या केल्या, डोक्यावर पाटी घेऊन बाजाराला मडकी नेली. चाकाला मात्र तिनं कधी हात लावला नाही. बायकांनी चाकावर बसायचं नाही हा नियम आमच्याच घरचा नव्हे; देशातल्या बहुतेक कुंभारांमध्ये तो होता आणि पुष्कळ ठिकाणी आजही आहे. मणिपूरमधल्या आंद्रो गावात मडकी बायकाच घडवतात, पण तिथे चाकच नसतं. म्हणजे बाईच्या हातून मडकं चालतं, हरकत आहे ती चाकाला.

पहिल्या वर्गाला मी केस बांधून, नखं कापून, अंगठी काढून गेले. चाकं ओळीनं मांडलेली होती, विजेवर चालणारी. वाटलं, आता बसवतील. तुम्हीही रील पाहून जाणार असाल तर आधीच सांगते, पहिल्या दिवशी चाक मिळत नाही. आम्हाला दिला एकेक मातीचा गोळा आणि सांगितलं, मळा. कणकेसारखं नव्हे, तळव्याच्या टाचेनं पुढे ढकलायचं, उचलून फिरवायचं, पुन्हा ढकलायचं. अर्ध्या तासात मनगटं भरून आली. मळल्यानं माती एकजीव होते, कुठे घट्ट कुठे सैल असं राहत नाही, आतली हवा निघते. शेजारची मुलगी म्हणाली, हवा राहिली तर भट्टीत भांडं फुटतं म्हणे. सर हसले. भांडं फुटतं ते बहुतेकदा हवेनं नव्हे, आत राहिलेल्या ओलाव्याची वाफ होऊन. घाई केलेलं भांडं फुटतं.

मग गोळ्यात अंगठा खुपसून, चिमटीनं दाबत दाबत वाटी करायची. दुसऱ्या दिवशी मातीच्या वळ्या एकावर एक रचून भांडं. तिसऱ्या दिवशी लाटण्यानं माती लाटून चौकोनी डबा. स्टुडिओत या सगळ्याला 'हँडबिल्डिंग' म्हणतात. माझी वाटी एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला कागदासारखी झाली होती. हे आजीचं काम आहे, हे मला दुसऱ्या वर्गाला कळलं.

या कामाचं वय किती, ते पाहायचं तर पुण्याहून शिरूरच्या बाजूला घोड नदीकाठी इनामगावला जावं लागेल. डेक्कन कॉलेजनं १९६८ पासून पंधराएक वर्षं तिथे उत्खनन केलं. साडेतीन-तीन हजार वर्षांपूर्वीचं ते शेतकऱ्यांचं गाव. त्यात कुंभाराचं घर सापडलं, भट्टी सापडली. तिथली नेहमीच्या वापरातली चांगली भांडी 'जोर्वे' नावानं ओळखली जातात. हे नाव संगमनेरजवळच्या प्रवरेकाठच्या जोर्वे गावावरून पडलं. तांबड्या अंगावर काळी नक्षी, चाकावर घडवलेली, इतकी पक्की भाजलेली की टिचकी मारली तर धातूसारखी वाजतात. पण त्याच गावात घराच्या जमिनीखाली लहान मुलांची दफनं आहेत. दोन राखाडी रांजण तोंडाला तोंड लावून आडवे ठेवलेले आणि आत मूल. ते रांजण चाकावरचे नाहीत. हातानं घडवलेले आहेत.

मातीकामाचा इतिहास सांगताना चाकाचा शोध हा नेहमी पराक्रमासारखा सांगतात, जणू हातानं घडवणं ही त्याआधीची कच्ची पायरी. इनामगावात दोन्ही एकाच वेळी, शेजारी शेजारी चालू होतं. आमच्या अंगणातही तसंच होतं : आजोबांचं चाक ओसरीवर, आजीच्या चुली परसात. मडकी मोजली जायची. चुली 'बायका करतात' म्हणून सोडून दिल्या जायच्या.

मग प्रश्न पडला, की ज्याला जात लागत नाही, बाईपण आड येत नाही, फक्त फी लागते, असा मातीचा वर्ग आला कुठून?

आपल्याकडे त्याचं एक टोक मुंबईत आहे. सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ मध्ये सुरू झालं. १८६५ मध्ये तिथे जॉन लॉकवुड किपलिंग शिकवायला आले. ते इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशायरच्या कुंभारकामाच्या पट्ट्यात, बर्स्लेमच्या कारखान्यात उमेदवारी केलेले. तिथल्याच रडयार्ड नावाच्या तलावाकाठी त्यांची पत्नीशी भेट झाली होती, म्हणून मुंबईत जन्मलेल्या मुलाचं नाव त्यांनी रडयार्ड ठेवलं. पुढे १८७०च्या दशकात जॉर्ज टेरी यांच्या पुढाकारानं जे. जे.त मातीची भांडी घडू लागली. सिंधमधली झिलई आणि अजिंठ्याच्या भिंतींवरचे आकार त्यांवर उतरले. त्याच काळात जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करत होते. यातली काही भांडी आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहेत. मातीकाम शाळेत शिकायचा विषय झाला तो असा. पण ती भांडी दिवाणखान्यात मांडायची होती. पाणी भरायचं मडकं गावचा कुंभारच करत राहिला, आणि त्याला शाळेची गरज नव्हती.

दुसरं टोक जपानमध्ये. १९११ साली टोकियोत एका मेजवानीत पाहुण्यांना भाजलेली कोरी भांडी देऊन त्यांवर चित्रं काढायला सांगितलं आणि तिथल्या तिथे छोट्या भट्टीत घालून तासाभरात बाहेर काढलं. त्या पाहुण्यांत बर्नार्ड लीच नावाचा चोवीस वर्षांचा इंग्रज चित्रकार होता. तापून लाल झालेलं आपलं भांडं भट्टीतून निघताना पाहून तो खुळावला आणि कुंभार झाला. १९२० मध्ये शोजी हमादा या जपानी मित्राला घेऊन त्यानं इंग्लंडमध्ये सेंट आइव्हजला स्वतःची भट्टी घातली. माती मळण्यापासून ग्लेझपर्यंत सगळं एकानंच करायचं, भांड्यावर आपली खूण उमटवायची आणि आलेल्याला शिकवायचं, हे स्टुडिओ पॉटरीचं वळण तिथून जगभर गेलं. आपल्या शहरात शनिवार-रविवारी भरणारा वर्ग हा दूरच्या नात्यानं त्या मेजवानीचा वंशज आहे.

भारतात ते वळण आणलं सरदार गुरुचरण सिंग यांनी. तेही १९२० च्या आसपास जपानात होते, लीच-हमादांच्या वर्तुळात वावरले. पण त्याआधी दिल्लीत एका पठाण कुंभाराकडून त्यांनी निळ्या झिलईचं काम पाहिलं होतं, आणि १९५२ मध्ये त्यांनी काढलेल्या कारखान्याचं नाव 'दिल्ली ब्लू' असं पडलं ते त्या निळाईवरून. नंतर १९७१ मध्ये डेबोरा स्मिथ आणि रे मीकर या अमेरिकन जोडीनं पुदुच्चेरीला 'गोल्डन ब्रिज पॉटरी' उभी केली. आज देशात शिकवणाऱ्या कितीतरी स्टुडिओ कुंभारांची वंशावळ तिथे पोचते. आपल्याकडच्या निर्मला पटवर्धन शांतिनिकेतनात शिकल्या आणि ग्लेझवर आयुष्य घालवून त्यांनी 'हँडबुक फॉर पॉटर्स' लिहिलं. या यादीत बायका चाकावर बसल्यात आणि कुणी त्यांना उठवलेलं नाही.

एक गोष्ट मात्र मला डाचते. लीच-हमादांचे मित्र सोएत्सू यानागी यांनी १९२० च्या दशकात विचार मांडला, की खरं सौंदर्य अनाम कारागिराच्या रोजच्या भांड्यात असतं. वाचून मला आजोबा आठवले. त्यांनी कधी मडक्यावर सही केली नाही. अनाम कारागिराच्या थोरवीबद्दल लिहिणाऱ्यांची नावं मात्र आपल्याला पाठ आहेत.

तर चाक. चौथ्या वर्गाला बसले. गोळा चाकाच्या मधोमध आपटायचा, हात ओले करायचे, कोपर मांडीला टेकवायचं आणि फिरणारी माती दाबून मध्यावर आणायची. याला 'सेंटरिंग' म्हणतात आणि पहिले कितीतरी तास ह्यातच जातात. माती हाताला धक्के देत राहते. जोर लावाल तितकी उधळते. जोर हाताचा नसतोच, अंगाचा असतो, आणि हात फक्त स्थिर ठेवायचे असतात. त्या दिवशी माझी सहा भांडी बसली. 'बसली' हा आमच्या घरातला शब्द. सर त्याला 'कोलॅप्स' म्हणाले.

आजोबांचं चाक जड होतं. काठी खाचेत घालून गरागरा फिरवायचं आणि त्याचा वेग आहे तोवर काम उरकायचं. मोठं मडकं चाकावर पुरं होतच नसे. जाड, बुटकं उतरवायचं, जरा सुकलं की आतून गोल दगड धरून बाहेरून थापटण्यानं ठोकत ठोकत फुगवायचं. हेच ते गोरोबाकाकांचं थापटणं. तेरच्या गोरा कुंभारांना मुक्ताईनं विचारलं, हे काय? त्यांनी थापटण्यानं जमलेल्या संतांची डोकी तपासली आणि नामदेवांना कच्चं ठरवलं, ही कथा आपण लहानपणी ऐकतो. हातात थापटणं कुंभाराच्या, पण विचारणारी मुक्ताई होती हे मला वर्गात जाईपर्यंत लक्षात राहिलं नव्हतं.

वर्ग संपला तरी भांडं मिळत नाही, हेही माहीत असू द्या. ते चामड्याइतकं घट्ट झालं की उलटं ठेवून तळ तासायचा, मग आठवडाभर सुकू द्यायचं. हजारएक अंशावर पहिली भाजणी, मग ग्लेझ, मग बाराशेच्या वर दुसरी. भट्टी भरेपर्यंत थांबावं लागतं, म्हणून तीन-चार आठवडे सहज जातात. भांडं दहा टक्क्यांहून जास्त आटतं. चहाचा कप करायला गेलात तर मोठाच करा, नाहीतर काढ्याचा होईल. मातीचे हात बेसिनमध्ये धुवायचे नाहीत, बादलीत धुवायचे. सुकलेली माती झाडायची नाही, ओल्या फडक्यानं पुसायची. तिची धूळ फुप्फुसात बसते. आजोबा आयुष्यभर खोकत. आम्ही त्याला बिडी समजायचो.

माझी नऊपैकी चार भांडी हाती आली. त्यातलं एक निळं, जरासं तिरकं, गावी घेऊन गेले. आजी आता ऐंशीच्या पुढे आहे. तिनं आधी विचारलं, "चाकावर तू बसलीस?" म्हटलं, हो. "आणि चाक कुणाचं?" मी म्हटलं, स्टुडिओचं, पैसे भरले की बसू देतात. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग भांडं हातात घेतलं, बोटाच्या पेरानं दोनदा वाजवलं, उलटं करून तळ पाहिला.

"खाली जाड राहिलंय."

"पहिलंच आहे, आजी."

"पाणी झिरपतं का ह्यातनं?"

मी अभिमानानं म्हटलं, अजिबात नाही, बाराशे अंशावर भाजलंय, वर काचेचा थर आहे.

"मग पाणी गार कसं व्हायचं?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. माठातलं पाणी झिरपतं, वाऱ्यानं उडतं, म्हणून आतलं गार राहतं. माझं भांडं त्या कामाचं नव्हतंच. तिनं त्यात शेंगा भरून फळीवर ठेवलं. निघताना पिशवीत भाकरी बांधून देताना म्हणाली, "ती तुमची माती कसली असती बघू. किलोभर आण पुढच्या टायमाला. बेंदूर आलाय."