मूतखडा निघाला, धास्ती उरली

१/ २६ मार्च १६५८, लंडन. सॉल्सबरी कोर्टमधील एका नातेवाईक स्त्रीच्या घरी २५ वर्षांचा सॅम्युअल पीप्स हातपाय बांधलेल्या अवस्थेत मेजावर पडला होता. मूत्राशयातील खड्याने त्याचे तारुण्य पोखरले होते. ईथरची भूल शस्त्रक्रियेत रूढ व्हायला अजून जवळजवळ दोनशे वर्षांचा अवकाश होता.

२/ शल्यविशारद टॉमस हॉलियर याने वृषण व गुदद्वार यांमधील भागात छेद घेऊन खडा बाहेर काढला. त्या काळच्या टेनिसच्या चेंडूएवढा! जंतूंची कल्पनाच नसल्याने असे अनेक रोगी जखम चिघळून दगावत. पीप्स वाचला.

३/ धास्ती मात्र गेली नाही. १ जानेवारी १६६० रोजी सुरू झालेल्या त्याच्या प्रसिद्ध रोजनिशीचे पहिलेच वाक्य या दुखण्याविषयी आहे: प्रकृती उत्तम आहे, थंडी बाधली तरच जुनी वेदना जाणवते. दर २६ मार्चला मेजवानी द्यायची, असा त्याचा संकल्प होता. खड्यासाठी त्याने खास पेटी करवून घेतली.

४/ ही पेटी निव्वळ हौस नव्हती. जून १६६९ मध्ये पीप्स आपला खडा घेऊन मित्र जॉन ईव्हलिन याच्या भावाकडे, रिचर्डकडे गेला. रिचर्डलाही हीच व्याधी होती. शस्त्रक्रियेतून माणूस जिवंत परततो, याचा पुरावाच पीप्सने त्याच्यापुढे ठेवला.

५/ रिचर्डची शस्त्रक्रिया झालीच नाही. त्याच्या वैद्याचा तिला विरोध होता, असे ईव्हलिन खेदाने लिहितो. मार्च १६७० मध्ये असह्य यातना सोसत रिचर्ड मरण पावला. शवविच्छेदनात सापडलेला खडा जायफळाहून फारसा मोठा नव्हता.

६/ पीप्स शस्त्रक्रियेनंतर ४५ वर्षे जगला. मे १७०३ मध्ये तो वारला, तेव्हा त्याच्या डाव्या मूत्रपिंडात सात खडे आढळले. जुनी जखमही पुन्हा उघडली होती.

७/ हॉलियरने खडा काढला होता. खडे होण्याची प्रवृत्ती काढणे त्याच्या हाती नव्हते. पीप्सने दोष थंडीला दिला, तो कदाचित चुकला असेल. पण दुखणे कायमचे गेलेले नाही, ही त्याची शंका खरी ठरली. तिच्यासह त्याने इंग्लंडच्या आरमाराचा कारभार पाहिला आणि दुसऱ्या रोग्याला धीरही दिला.