सुवर्णकमळ आणि पेन्सिल सेल

मंडळी, आजचा विषय जरा विचित्र आहे. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार आणि हातात मावणारी व्हिडिओ गेम. या दोघांचा एकमेकांशी काय संबंध, असं तुम्ही विचाराल. बरोबर आहे, मलाही कुणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो. पण थोडं थांबा.

सुरुवात झाली ऑफिसच्या लंच टेबलवर. १ ऑगस्ट २०२५ ला ७१ वे राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाले, आणि पुढचे दोन-तीन दिवस आमच्या टीममध्ये एकच वाद. शाहरुखला मिळायला हवा होता की नको? ‘ट्वेल्थ फेल’ला सर्वोत्कृष्ट चित्रपट, हे ठीक की नाही? एका बाजूचं म्हणणं, “ज्युरीला काय कळतं, पब्लिकला विचारा.” दुसरी बाजू म्हणाली, “पब्लिकला काय कळतं!” या सगळ्या आरडाओरड्यात एक नाव कुणीच घेतलं नाही. त्याच यादीत सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट होता ‘श्यामची आई’. सुजय डहाकेचा, २०२३ चा. आणि हे नाव त्या यादीत येणं म्हणजे जवळजवळ एक वर्तुळ पूर्ण होणं आहे. कसं ते सांगतो.

१९५४ साली आपल्या देशात चित्रपटांचे दोन मोठे पुरस्कार सुरू झाले. मार्चमध्ये फिल्मफेअर, ऑक्टोबरमध्ये सरकारी राज्य पुरस्कार, म्हणजे आजचे राष्ट्रीय पुरस्कार. फिल्मफेअरने निकाल लावला वाचकांच्या मतांवर, सरकारने नेमली समिती. म्हणजे आमच्या लंच टेबलवरचं भांडण तेव्हापासूनचं आहे! वाचकांनी निवडला बिमल रॉय यांचा ‘दो बीघा जमीन’. समितीने राष्ट्रपतींचं सुवर्णपदक दिलं आचार्य अत्र्यांच्या ‘श्यामची आई’ला आणि ‘दो बीघा जमीन’ला दिलं गुणवत्ता प्रमाणपत्र. या देशातल्या सरकारी चित्रपट पुरस्कारांचं पहिलंवहिलं सुवर्णपदक एका मराठी सिनेमाला, साने गुरुजींच्या पुस्तकावरून केलेल्या! पुढच्याच वर्षी अत्र्यांच्या ‘महात्मा फुले’ला मराठीसाठीचं रौप्यपदक मिळालं. सुरुवात काय जबरदस्त होती बघा.

आणि मग? मग पन्नास वर्षं काहीच नाही. मराठीतला उत्तम चित्रपट म्हणून बक्षीस मिळत राहिलं, पण देशातला सर्वोत्कृष्ट म्हणून दुसऱ्यांदा नाव पुकारलं गेलं ते थेट २००४ मध्ये, संदीप सावंत यांच्या ‘श्वास’चं. कोकणातले आजोबा, डोळ्याच्या कॅन्सरने दृष्टी जाणार असलेला नातू, आणि ऑपरेशनच्या आधीचे थोडे दिवस. बास, एवढीच गोष्ट. ना गाणी, ना मारामाऱ्या, ना स्टार. भारतातर्फे हाच सिनेमा ऑस्करला गेला, तिथल्या प्रचारासाठी लोकांनी वर्गणी काढली. नामांकन मिळालं नाही. पण मराठी सिनेमा पुन्हा उभा राहिला तो तिथून, असं सगळेच म्हणतात आणि मलाही ते पटतं. त्यानंतर ‘देऊळ’ (२०११ चा, ‘ब्यारी’ या चित्रपटाबरोबर विभागून), ‘कोर्ट’ (२०१४) आणि ‘कासव’ (२०१६) अशी सुवर्णकमळं आली. पन्नास वर्षांत शून्य आणि पुढच्या तेरा-चौदा वर्षांत चार.

आता जरा बाजू बदलू.

‘श्वास’ गाजत होता तेव्हा मी सहा-सात वर्षांचा होतो. माझ्या जगात तेव्हा एकच मोठी वस्तू होती, बाबांनी शिर्डीला दर्शनानंतर बाजारातून घेऊन दिलेला ब्रिक गेम. आमचं श्रीरामपूर तिथून जवळच, त्यामुळे पाहुणे आले की शिर्डी ठरलेली आणि शिर्डी म्हटलं की खेळण्यांचे स्टॉल ठरलेले. त्या गेमवर लिहिलेलं असायचं ‘९९९९ इन १’. प्रत्यक्षात आठ-दहाच गेम, बाकी सगळी स्पीडची हेराफेरी :-) दोन पेन्सिल सेल टाकले की महिनोन्‌महिने चालायचा. वरून पडणारे ठोकळे लावायचे, ओळ भरली की गायब. आमच्या गल्लीत एकाकडे हा गेम असला की पाच जण रांगेत.

पुढे इंजिनिअरिंगला गेल्यावर या खेळण्याची वंशावळ शोधली आणि अक्षरशः वेडा झालो. ठोकळ्यांचा खेळ म्हणजे टेट्रिस. तो लिहिला १९८४ मध्ये मॉस्कोतल्या सोव्हिएत विज्ञान अकादमीत काम करणाऱ्या अलेक्सी पाजितनोव्हने. आणि तो जगभर घराघरात गेला तो निन्टेंडोच्या गेम बॉयमुळे.

गेम बॉयच्या मागचा माणूस म्हणजे गुनपेई योकोई. हा गडी १९६५ मध्ये निन्टेंडोत लागला तेव्हा कंपनी पत्ते बनवायची आणि याचं काम होतं पत्त्यांच्या मशीन्सची देखभाल. म्हणजे आपल्या भाषेत मेन्टेनन्सवाला! रिकाम्या वेळात त्याने लांब होणारा एक चिमटा बनवला. मालकाने तो पाहिला आणि १९६६ मध्ये खेळणं म्हणून बाजारात आणला. तो तुफान खपला. पुढे एकदा बुलेट ट्रेनमध्ये कंटाळलेला एक नोकरदार कॅल्क्युलेटरची बटणं उगाच दाबत बसलेला योकोईने पाहिला आणि त्यातून १९८० साली ‘गेम अँड वॉच’ आला. कॅल्क्युलेटरच्या शर्यतीमुळे एलसीडी पडदे तेव्हा स्वस्त झाले होते, त्याने तेच वापरले.

त्याचं तत्त्वच ते होतं. जपानीत जे म्हणतात त्याचं मराठी मी असं करीन: मुरलेल्या तंत्रज्ञानाचा आडवा विचार. नवं, महागडं, नखरेल तंत्र घेऊ नका. लोणच्यासारखं मुरलेलं, स्वस्त झालेलं, सगळ्या खोडी माहीत असलेलं तंत्र घ्या आणि ते कुणी वापरलं नसेल अशा जागी वापरा. (आमच्या कंपनीत दर सहा महिन्यांनी नवं फ्रेमवर्क आणणाऱ्यांनी हे भिंतीवर लावायला हवं. असो.)

एप्रिल १९८९ मध्ये गेम बॉय आला. पडदा १६० बाय १४४ चा, हिरवट, त्यात रंग म्हणजे करड्याच्या चार छटा. मागे लाईट नाही, अंधारात काही दिसायचं नाही. त्याच वर्षी अटारीचा लिंक्स आला: रंगीत, मागे लाईट, चिपही भारी. पुढच्या वर्षी सेगाचा गेम गिअर, तोही रंगीत. कागदावर तुलना केली तर गेम बॉय तिसरा, तोही लांबचा तिसरा.

पण लिंक्सला सहा पेन्सिल सेल लागायचे आणि ते चार-पाच तासांत संपायचे. गेम बॉयला चार लागायचे आणि ते पंधरा तास तरी आरामात जायचे. अमेरिकेत लिंक्स १८० डॉलरला, गेम बॉय ९० ला, त्यात वर टेट्रिस फुकट. निकाल सगळ्यांना माहीत आहे. नंतरचा रंगीत गेम बॉय धरून जवळजवळ ११ कोटी ८७ लाख विकले गेले. गेम गिअर एक कोटीच्या आसपास थांबला. आणि ‘श्वास’च्याच वर्षी, २००४ मध्ये, हीच गोष्ट परत घडली! सोनीचा पीएसपी आला, सिनेमा दाखवणारा, चकाचक. निन्टेंडोचा डीएस त्याच्यापुढे गरीब दिसायचा. डीएस १५ कोटींवर गेला, पीएसपी ८ कोटींच्या आसपास.

आता लंच टेबलवरचा माझा मित्र लगेच म्हणेल, “बघ! पब्लिक बरोबर, तज्ज्ञ चूक. १९८९ मध्ये ज्युरी बसवली असती तर सुवर्णकमळ लिंक्सला गेलं असतं.” मलाही आधी असंच वाटायचं बाहेर पडेल. पण विचार केल्यावर एक गोष्ट लक्षात येते. गेम बॉय आणि लिंक्स दुकानात एकाच फळीवर शेजारी शेजारी ठेवलेले होते. गिऱ्हाईक दोन्ही हातात घेऊन बघू शकत होतं. सिनेमाचं तसं आहे का?

आमच्याच जिल्ह्याचं उदाहरण घ्या. मार्च २०१५ मध्ये ६२ वे पुरस्कार जाहीर झाले. ‘कोर्ट’ सर्वोत्कृष्ट, ‘किल्ला’ सर्वोत्कृष्ट मराठी, ‘एलिझाबेथ एकादशी’ला बालचित्रपटाचा. मराठीची दिवाळीच. आणि ज्युरीचा विशेष पुरस्कार कुणाला? नगर जिल्ह्यातल्या (आताचा अहिल्यानगर) शेतकरी घरातल्या भाऊराव कऱ्हाडेंना, ‘ख्वाडा’साठी. जमीन विकून सिनेमा काढणारा माणूस! मेंढ्या घेऊन गावोगाव फिरणाऱ्या धनगर कुटुंबाची गोष्ट, आमच्याकडच्या बोलीत, आमच्याकडच्या माळरानावर. आवाजही जागेवर रेकॉर्ड केलेला, त्याचाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मार्चमध्ये पुरस्कार, चित्रपटगृहात यायला ऑक्टोबर उजाडला.

मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला, पुण्यात. मल्टिप्लेक्समध्ये बसून ‘ख्वाडा’ पाहिला. आजूबाजूचे लोक बोली ऐकून हसत होते, वाईट अर्थाने नाही, पण हसत होते. मला मात्र पहिल्यांदा पडद्यावर आमच्या बाजाराच्या दिवसाचा आवाज ऐकू आला होता. घरी फोन केला, आईला म्हटलं हा बघाच. आई म्हणाली, “आपल्याकडं कुठं लागलाय?” जिल्ह्यातल्या माणसाने केलेला, जिल्ह्यातल्या माणसांवरचा सिनेमा मी दीड-दोनशे किलोमीटरवर जाऊन पाहिला आणि माझी आई पाहू शकली नाही. इथे पब्लिकने ‘ख्वाडा’ नाकारला असं कसं म्हणणार? तिच्यापुढे फळीच नव्हती.

गंमत म्हणजे ही फळी एकेकाळी होती. आई-बाबा सांगतात, ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी दुपारी प्रादेशिक चित्रपट लागायचे, बरेचसे पुरस्कार मिळालेले. बंगाली, मल्याळम, कन्नड, खाली इंग्रजी अक्षरं. बाबांना बंगालीचा ब कळत नाही, इंग्रजीही जेमतेम. पण जेवणं उरकून गल्लीतली एकमेव टीव्ही असलेल्या घरी ते सत्यजित राय पाहून आलेत. आवडले का विचारलं तर म्हणतात, “काही झोपवणारे होते, काही अजून आठवतात.” याहून चांगली समीक्षा मी वाचलेली नाही. एक चॅनल, एक ठरलेली वेळ, साधा ॲन्टेना. मुरलेलं तंत्रज्ञान! योकोई खूश झाला असता.

म्हणून माझं मत असं. ज्युरी विरुद्ध पब्लिक हा वादच चुकीच्या जागी आहे. ज्युरीचं काम निवडण्याचं, पण निवडलेलं फळीवर ठेवल्याशिवाय ते काम अर्धंच राहतं. २०२४ मध्ये सरकारने पुरस्कारांची रक्कम वाढवली, पदार्पणाच्या पुरस्कारातून इंदिरा गांधींचं आणि राष्ट्रीय एकात्मतेच्या पुरस्कारातून नर्गिस दत्तचं नाव काढलं. त्यावर चर्चा भरपूर झाली. पण पुरस्कार मिळालेला सिनेमा तालुक्याच्या गावात महिन्याभरात दिसावा याची चर्चा मी तरी ऐकली नाही. ओटीटी आहे की, असं म्हणाल. आहे. पण तिथे आई काय शोधणार? तिला ‘ख्वाडा’ हे नाव कुणीतरी आधी सांगायला हवं. तिथे फळी एवढी लांब आहे की शेवटचं टोक दिसतच नाही.

योकोईचं पुढे काय झालं तेही सांगतो. १९९५ चा त्याचा व्हर्च्युअल बॉय सपशेल आपटला, १९९६ मध्ये त्याने निन्टेंडो सोडलं आणि ऑक्टोबर १९९७ मध्ये रस्त्यावरच्या अपघातात तो गेला. गेम बॉयला अमेरिकेतल्या राष्ट्रीय खेळणी सन्मान यादीत जागा मिळाली २००९ मध्ये. वीस वर्षं उशिरा आणि बनवणारा हयात नसताना. पण तोवर त्याला सन्मानाची गरजही नव्हती, कोट्यवधी पोरांच्या हातात तो कधीच पोचला होता. सिनेमाला मात्र ही चैन परवडत नाही. त्याचे पेन्सिल सेल म्हणजे पहिले दोन शुक्रवार, ते संपले की पडदा काळा.

‘ख्वाडा’ आईने अखेर पाहिला, मागच्या दिवाळीत, माझ्या लॅपटॉपवर. मध्येच थांबवून म्हणाली, “हे तर आपल्याकडचंच बोलतायत.” दहा वर्षं लागली. तुमच्याही घरी असा एखादा राहून गेलेला सिनेमा असेल तर या शनिवार-रविवारी लावून द्या. ज्युरीचं उरलेलं अर्धं काम आपणच करू, दुसरं काय!