घोडबंदर रस्त्यावरचा पाटील आणि शिपाई

माजिवडे, मानपाडा, कासारवडवली, ओवळे ही गावे भातखाचरांमधून विखुरलेली होती, तेव्हा ठाण्याहून घोडबंदरकडे जाणाऱ्या रस्त्याच्या बंदोबस्ताची भिस्त चौकीपेक्षा 1867 च्या ग्राम पोलीस कायद्याने अधिकार दिलेल्या पाटलावरच अधिक असे. गुन्ह्याची वर्दी देणे, संशयितास अटकावून ठेवणे, बेवारस प्रेताचा पंचनामा करणे ही त्याची कामे, आणि कोणाच्या ओसरीवर परगावचा माणूस उतरला आहे हे त्याला कोणास विचारावे लागत नसे. या व्यवस्थेत जातीची उतरंड होती, वतनदाराची मनमानी होती. तिचा गौरव मला करवत नाही. तथापि माणसांची ओळख हीच तिची खरी शक्ती होती.

1962 च्या कायद्याने मुलकी पाटलांची वतने संपुष्टात आली, आणि त्याच साली जवळच वागळे इस्टेटीची औद्योगिक वसाहत आकारास येऊ लागली. घाटावरून, कोकणातून, उत्तरेतून पोटासाठी आलेली माणसे डोंगराच्या कडेला पत्र्याच्या छपराखाली राहू लागली. पुढे 1967 च्या कायद्याने पोलीस पाटील मुदतीच्या नेमणुकीचा झाला खरा, परंतु या नव्या वस्त्यांतील चेहरे त्याच्याही परिचयाचे नव्हते. ती ओळख आता शिपायाने गस्त घालून, गल्लीगल्लीतून पायाने मिळवावयाची होती.

त्यातच 1949 च्या दारूबंदी कायद्याने खाडीला हातभट्टीचे आश्रयस्थान केले होते. तिवरांच्या चिखलात पुरलेली पिंपे, त्यांत काळा गूळ व नवसागर घालून आंबवलेले रसायन, आणि भरतीचा अंदाज घेऊन होडीतून निघालेले शिपाई : पिंपे फोडावीत, रसायन ओतून द्यावे, नमुन्याच्या बाटल्या लाखेने मोहोरबंद कराव्यात, आणि काही दिवसांनी त्याच तिवरांतून पुन्हा धूर निघालेला पाहावा. भट्टीवर सापडणारा मनुष्य बहुधा रोजंदारीवर लाकडे सारणारा असे. पैसा गुंतवणारा मालक तेथे नसे, हे शिपायालाही ठाऊक असे, आणि गुन्हा मात्र त्या मजुरावरच दाखल करावा लागे. दारिद्र्याने गांजलेल्या वस्तीतील नोकरीचे सर्वांत कठीण अंग मला हेच वाटते.

1981 साली ठाणे शहरास पोलीस आयुक्तालय मिळाले, 1982 साली महानगरपालिका झाली, आणि रस्त्याकडेची गावे शहरात आली. कापूरबावडी, चितळसर-मानपाडा, कासारवडवली अशी ठाणी उभी राहिली. 2020 साली मीरा-भाईंदर, वसई-विरारसाठी निराळे आयुक्तालय झाल्यावर या एकाच रस्त्याचा कारभार दोन आयुक्तांत विभागला गेला. ठाणे अंमलदाराच्या मेजावर आज इमल्यांतील रहिवाशाची आणि पाड्यातील वारली स्त्रीची फिर्याद एकाच डायरीत उतरते. तिच्या घरापर्यंतची वाट ज्याला पाठ आहे असा शिपाई मात्र प्रत्येक बदलीबरोबर नव्याने घडवावा लागतो.