वजनकाट्याला न दिसलेलं दुखणं

1988 साल. बुडापेस्टची जिम्नॅस्टिक्स स्पर्धा. एका पंचाने क्रिस्टी हेनरिक या अमेरिकन मुलीला बजावलं, ऑलिंपिक संघात यायचं असेल तर वजनाकडे बघ. ती खाणं तोडत गेली.

आता आपण विचारू, कुणाला हे दिसलं नाही का? पण 1989 च्या जागतिक स्पर्धेत हीच मुलगी अनइव्हन बार्सवर चौथी आली! निकाल चांगला म्हणजे पद्धत बरोबर, असा तेव्हाचा हिशोब. खेळाडू मुलीची पाळी थांबली तरी ती कसून सराव केल्याची खूण मानली जाई.

1992 मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनने तज्ज्ञ जमवले. बिघडलेलं खाणं, थांबलेली पाळी, ठिसूळ हाडं ही एकाच दुखण्याची तीन टोकं आहेत, असं त्यांनी मांडलं. क्रिस्टीला मात्र उशीर झाला होता. 26 जुलै 1994 ला, 22 व्या वर्षी ती गेली.

2014 मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने व्याख्या रुंदावली, पुरुष खेळाडूही त्यात आले. कारण मूळ गोष्ट साधी आहे: सरावाचा खर्च भागल्यावर बाकीच्या शरीराला पुरेसं अन्न उरत नाही. मग शरीर एकेक काम बंद करतं.

म्हणजे ज्याला आपण शिस्त म्हणत होतो, ती उपासमार होती. तेव्हा खेळाडूचं वजन उतरलं की शाबासकी देण्याआधी आपण एवढं तरी विचारूया: जेवण नीट होतंय ना?