निष्ठेआड दडलेली जोखीम : मेंढपाळाच्या कुत्र्याविषयी

दत्तात्रेयाच्या पायाशी बसलेली चार कुत्री म्हणजे चार वेद, असे आपल्याकडे मानतात. खंडोबाचा वाघ्या स्वतःला देवाचे कुत्रे म्हणवून घेतो. याच भाषेत 'कुत्र्याच्या मौतीने मरणे' याहून हीन मरण नाही. पूज्यता आणि तुच्छता या दोन टोकांच्या मध्ये एक तिसरे कुत्रे आहे. ते उन्हातान्हात, काट्याकुट्यांत कळपामागे धावते. त्याच्याविषयी बोलायची वेळ आली की आपण 'इमान' हा शब्द वापरतो आणि विषय संपवतो. प्रस्तुत टिपणाचा मुद्दा एवढाच की, इमान या शब्दाने कुत्र्याची थोरवी सांगितली जाते, पण त्याने पत्करलेली, किंबहुना त्याच्यावर लादलेली जोखीम मात्र झाकली जाते. ती उघडी कुठे पडते, हे पाहण्यासाठी लेखनप्रकारांकडे थोडे लक्ष द्यावे लागते.

प्रारंभ एका शिलालेखापासून करू. कर्नाटकातील मंड्या जिल्ह्यात अतकूर येथे सापडलेला, इ.स. ९४९-५० च्या सुमाराचा कन्नड शिलालेख आज बंगळूरच्या शासकीय वस्तुसंग्रहालयात आहे. राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण आणि त्याचा गंग मांडलिक बूतुग यांनी तक्कोलमच्या लढाईत चोळांवर मिळवलेल्या विजयाची हकिगत त्यात आहे. बूतुगाच्या पदरच्या मनलेर या योद्ध्याने पराक्रमाचे बक्षीस म्हणून काय मागावे? काळी नावाचे शिकारी कुत्रे. पुढे एका टेकडीवर हे कुत्रे मोठ्या रानडुकरावर सोडले गेले आणि दोघेही झुंजीत मेले. काळीच्या स्मरणार्थ मंदिरासमोर शिळा उभारली गेली, तिच्यासाठी जमीन तोडून दिली गेली. कुत्र्याला मिळालेला हा सन्मान दुर्मीळच म्हणावा लागेल. परंतु वीरगळाची भाषा ही वीरगळाचीच असते. तिथे मरण हे यशाचे रूप घेते. रानडुकराच्या सुळ्यापुढे कुत्रे सोडण्याचा निर्णय कोणाचा होता, ते वाचू शकले असते का, हे प्रश्न शिळेच्या व्याकरणात बसत नाहीत.

ते बसतात एका अगदी रुक्ष समजल्या जाणाऱ्या गद्यात. रोमन पंडित व्हॅरो याने इ.स.पू. ३७ मध्ये, वयाच्या ऐंशीच्या घरात, शेतीवर तीन भागांचा ग्रंथ लिहिला. त्याच्या दुसऱ्या भागात गुराढोरांबरोबर मेंढपाळाच्या कुत्र्याचा विचार येतो. श्वापदांनी कुत्र्याला जखमी करू नये म्हणून गळ्यात जाड कातड्याचा, डोक्याच्या खिळ्यांचा पट्टा घालावा, असे तो सांगतो. पण एवढ्यावर तो थांबत नाही. खिळ्यांच्या डोक्यांखाली मऊ कातडे शिवावे, नाहीतर लोखंड कुत्र्याच्याच मानेला काचेल. शिवाय लांडग्याला एकदा असा खिळा लागला की, ज्यांच्या गळ्यात पट्टा नाही ती कुत्रीही सुरक्षित होतात. माश्या, गोचिडी आणि पिसवा यांच्यामुळे कानांना व बोटांच्या बेचक्यांत जखमा होतात. त्यावर पाण्यात वाटलेल्या बदामांचा लेप लावण्याची रीतही तो नोंदवतो. साऱ्या ग्रंथात कुत्र्याविषयी हळवेपणाचा एक शब्द नाही, आणि तरीही पंजांच्या बेचक्यांपर्यंत पोचणारी ही नजर कोणत्याही विलापिकेपेक्षा अधिक करुण आहे.

एक प्रसंग तर कथाकाराच्या हाती लागता तर अश्रूंना पूर आला असता. एकाने अम्ब्रियात मेंढ्यांचे कळप विकत घेतले. सौद्यात कुत्री होती, मेंढपाळ नव्हते. मेंढपाळ कळप दूर दक्षिणेस पोचवून घरी परतले. काही दिवसांनी ती कुत्री, वाटेत रानात मिळेल ते खात, अनेक दिवसांची मजल मारून आपल्या माणसांकडे परत आली. व्हॅरो यातून खरेदीदारासाठी धडा काढतो. कुत्रे घ्यावे ते मेंढपाळाच्या नव्हे, मेंढ्यांच्या मागे जाण्याची सवय असलेले. पहिल्या शतकातील कोल्युमेला आणखी एक धोका सांगतो, आणि तो लांडग्यापासून नव्हे, तर धन्यापासून आहे. मेंढपाळाने पांढरे कुत्रे निवडावे. कारण पहाटेच्या किंवा तिन्हीसांजेच्या अंधुक उजेडात लांडगा समजून त्यालाच घाव बसायचा.

अठराशे वर्षांनी स्कॉटलंडच्या एट्रिक खोऱ्यातील मेंढपाळ-लेखक जेम्स हॉग (१७७०-१८३५) याच्याकडे हे दोन्ही सूर एकत्र येतात. 'द शेफर्ड्स कॅलेंडर' (१८२९) मधली त्याच्या सिरा या कुत्र्याची कथा प्रसिद्ध आहे. आईपासून नुकतीच तोडलेली सुमारे सातशे कोकरे मध्यरात्री तीन वाटांनी उधळली. हॉग आणि त्याचा सोबती रात्रभर डोंगर तुडवत राहिले. उजाडल्यावर एका खोल घळीत सिरा कोकरांची राखण करीत उभा दिसला आणि मोजदाद केली तेव्हा एकही कोकरू कमी नव्हते. वाचक येथे थक्क होऊन थांबतो. परंतु त्याच हॉगचे दुसरे विधान अधिक महत्त्वाचे आहे. कुत्रा नसेल तर डोंगराळ मुलुखाला कवडीचे मोल उरणार नाही. कारण कळप सांभाळायला इतकी माणसे लागतील की, मिळकत त्यांच्या पोटालाही पुरणार नाही. याचा सरळ अर्थ असा की, अंधारात, दरडी-घळींतून धावण्याची जी जोखीम माणसाला परवडत नाही, ती कुत्र्याच्या पायांवर टाकली गेली आणि मग तिला निष्ठा हे नाव मिळाले.

दख्खनच्या माळावर ही जोखीम आपल्या ओळखीच्या वस्तूंची रूपे घेते. पावसाळा सरल्यावर वाळलेल्या गवताचे कुसळ पंजात किंवा कानात शिरते. त्याच्या उलट्या केसांमुळे ते मागे येत नाही, आतच सरकत जाते. बाभळीचा काटा, कठडा नसलेली विहीर, आणि उसात दबा धरलेला बिबट्या. हिमालयातील गद्दी मेंढपाळ बिबट्यापासून बचाव म्हणून आजही कुत्र्याला लोखंडी पट्टा घालतात. व्हॅरोचा खिळा असा दोन हजार वर्षे टिकला आहे. आपल्याकडे अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील अकोले परिसरात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास केला, तेव्हा त्याच्या आहारात वजनाच्या हिशेबाने सुमारे ३९ टक्के वाटा पाळीव कुत्र्यांचा आढळला. ही सगळी कुत्री राखणीची किंवा कळपाची नसतील. तथापि गावाच्या आणि रानाच्या सीमेवर रात्र कोण काढते, हे या एका आकड्यातून कळते.

साहित्याच्या विद्यार्थ्याला यात एक सूचना आहे. आपण गौरवपर लेखनाला सहृदय आणि हिशेबी लेखनाला कोरडे समजतो. कामाच्या कुत्र्याच्या बाबतीत नेमके उलटे घडलेले दिसते. शिळेने काळीला अमर केले, पण तिची मान राखण्याचा विचार एका शेतकी ग्रंथाने केला. ग्रामीण कथेत यापुढे इमानी कुत्रे भेटले, तर त्याच्या डोळ्यांतील भाव वाचण्याआधी त्याचे पंजे कोणी तपासतो आहे का, तेही पाहावे.