बांधावरची झोळी

भिवंडी-वाडा रस्त्यावर अंबाडी नाक्याला उतरलं की एक फाटा वज्रेश्वरीकडे जातो. देवीच्या दर्शनाला आणि गरम कुंडात न्हायला येणाऱ्यांना तो चांगला ठाऊक असतो. दिवाळी उलटली की याच नाक्यावरून आणखी एक गर्दी जाते, तिची दखल कुणी घेत नाही. टेंपोत पत्र्याची पेटी, चारदोन टोपं, पाय बांधलेल्या कोंबड्या, गोधड्यांचं गाठोडं आणि त्या गाठोड्याला टेकून बसलेल्या बाईच्या मांडीवर फडक्यात गुंडाळलेलं तान्हं. मोखाडा, जव्हार, विक्रमगडकडची ही कातकरी-वारली कुटुंबं वीटभट्टीवर येतात आणि पावसाच्या तोंडावर परत जातात. मधला अख्खा हिवाळा ते तान्हं बहुतेक वेळ उघड्यावर झोपतं.

याच पट्ट्यात अंगणवाडी सेविका म्हणून मी नोकरी केली. आता घरी आहे. माझी भाची डेन्मार्कात असते, तिला मुलगी झाली. एकदा तिनं फोनवर दाखवलं: बाहेर अंगणात बर्फ, त्यात बाबागाडी आणि गाडीत ही पोर गाढ झोपलेली. आमच्या वहिनींचा जीव वरखाली झाला. भाची म्हणाली, "आत्या, इथे सगळेच असं झोपवतात. पाळणाघरातसुद्धा दुपारची झोप बाहेरच." मला नवल वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. थंडीत बाहेर झोपलेलं बाळ माझ्या डोळ्यांना नवीन नव्हतं. त्याचं कौतुक होताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

तिकडच्या या रिवाजाला डॉक्टरांचा पाठिंबा होता. फिनलंडमध्ये आर्वो युल्प्पो नावाचे मोठे बालरोगतज्ज्ञ होऊन गेले. १९२०च्या दशकात तिथं तान्ही मुलं क्षय आणि मुडदुसानं जात होती. कोंदट, धुरकट घरातून पोराला बाहेर काढा, मोकळी हवा आणि ऊन मिळू द्या, असं त्यांनी आयांना सांगितलं. लोकांनी ऐकलं आणि ती सवय आजतागायत टिकली. उणे दहाच्या खाली पारा गेला तर मात्र बाळाला आत घ्या, असा साधारण सल्ला असतो. हीच सवय एका डॅनिश आईला १९९७ साली न्यूयॉर्कमध्ये महागात पडली. उपाहारगृहाबाहेर बाबागाडीत बाळ ठेवून ती आत बसली, तर पोलिसांनी तिला अटक केली. एका गावचा शहाणपणा दुसऱ्या गावी गुन्हा ठरतो, तो असा.

आपल्याकडे पांढरपेशा घरांची रीत याच्या अगदी उलटी. सव्वा महिना बाळ-बाळंतीण खोलीतच राहायची. शेगडी, ओवा-लसणीच्या सालांची धुरी, टाळूवर तेल. बाळाला बाहेर न्यायचं ते कुंची घालूनच. कपाळापासून कानांवरून थेट पाठीपर्यंत उतरणारी ही कुंची म्हणजे टोपडं आणि झगा एकत्र, आणि तिचं खरं काम कानात वारं जाऊ न देण्याचं. जुन्या संस्कारांमध्ये निष्क्रमण म्हणून एक विधी सांगितला आहे. त्यात चौथ्या महिन्यात बाळाला पहिल्यांदा घराबाहेर आणून सूर्य दाखवायचा. म्हणजे बाहेर नेणं हाच मुळी सोहळा. हा सोहळा ज्यांना परवडला त्यांचा. आमच्या कुणब्यांच्या घरात बाई बाराव्या दिवसानंतर चुलीपाशी आणि महिना-दीड महिन्यानं शेतावर असायची. तिच्यामागून बाळही शेतावर.

भात कापून झालं की भारे वाहून आणायचे, खळ्याशेजारी उडवी रचायची आणि मग मार्गशीर्ष-पौषात झोडणी. हे सगळं ऐन थंडीत. माझी सासू झोळी कशी बांधायची ते मी जवळून पाहिलं आहे, कारण माझीच पोरं त्यात झोपली. जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं लुगडं ती दुहेरी करायची. दोन्ही टोकं चिंचेच्या आडव्या फांदीवरून घेऊन गाठ मारायची, गाठीला स्वतः लोंबकळून बघायची. मग आतून डोक्याच्या बाजूला एक वीतभर काठी आडवी बसवायची, म्हणजे झोळीचं तोंड मिटत नाही आणि कापड बाळाच्या नाकावर येत नाही. तळाशी गोधडीचा तुकडा. खाली जमिनीवर विळा, दृष्ट लागू नये म्हणून. वाऱ्याच्या बाजूला एक गोवरी धुमसत ठेवायची, चिलटांसाठी. झाड नसेल तिथं तीन बांबूंचं तिकाटणं उभं करून त्याला झोळी.

आणि या सगळ्याला वेळेचं बंधन होतं. दंव उतरल्याशिवाय पोराला झोळीत घालायचं नाही. ऊन वर येईपर्यंत ते कुणाच्या तरी पाठीवर नाहीतर मांडीवर. मधूनमधून सासू हात घालून पोट चाचपायची, मग तळपाय. मी एकदा बाळाचे हात गार लागले म्हणून धावले, तर म्हणाली, "हातावर काय जातेस? पोट ऊन हाय ना, मग झोपू दे." पुढं कित्येक वर्षांनी आशाताईंच्या प्रशिक्षणात हेच ऐकलं: आधी पोटाला हात लावा, मग पायांना, पोट उबदार आणि पाय गार म्हणजे थंडी बाधायला लागली आहे, दोन्ही गार म्हणजे धोका. सासूकडे थर्मामीटर नव्हता, एवढाच काय तो फरक.

पण त्या झोळीचं गुणगान मी करणार नाही. ती सुरक्षित होती ती माणसांमुळे. खळ्यावर एखादी म्हातारी बसलेलीच असायची, आई हाकेच्या अंतरावर, पोर रडलं की झोडणी थांबवून पाजायला यायची, कारण खळं आपलं होतं. कामाचा मालक कुणी दुसराच झाला की यातलं एकेक गळत गेलं.

कातकऱ्यांच्या बाबतीत ते फार आधीच गळालं. खैराचा कात काढणारी ही जमात. ठाणे जिल्ह्याच्या १८८२च्या गॅझेटिअरमध्ये तिच्या या धंद्याची नोंद आहे. जंगल सरकारी झालं, कात बंद पडला, मग ठेकेदारांच्या कोळसाभट्ट्या आल्या. मुंबईच्या चुलींना कोळसा लागे. तो पाडायला कुटुंबंच्या कुटुंबं हिवाळाभर रानात राहायची. मग गॅस आला, कोळसा संपला, आणि तीच माणसं विटांकडे वळली. मुंबई-ठाणे वाढतच होती. खाडीपट्टीत आणि तानसेच्या खोऱ्यात भातशेतीची माती होती, तूस होतं, आणि उधारीवर मिळणारे हात होते.

उधारी म्हणजे बयाणा. आखाडात घरातलं धान्य संपलं की शेठ पैसे देतो, त्या पैशात अख्खा हंगाम बांधला जातो. भट्टीवर दर आठवड्याला खावटी मिळते, हिशेब शेवटी. मजुरी हजार विटांवर, आणि ती जोडीची: नवरा-बायको मिळून एक जोडी, वहीत नाव नवऱ्याचं. बाई चिखल तुडवते, गोळे वाहते, साच्यात भरते, विटा उलटते, पण कागदावर ती कामगार नसते. हे लक्षात ठेवावं, कारण पुढं पाळणाघराच्या कायद्याचा प्रश्न इथंच अडतो.

विटा पाडायचं काम रात्रीचं. संध्याकाळी माती भिजत घालायची, पहाटे दोन-तीनला उठून थापायला बसायचं, उन्हं चढायच्या आत दिवसाचा आकडा गाठायचा. म्हणजे शेतावरची रीत बरोब्बर उलटी झाली. तिथं दंव उतरल्यावर पोर बाहेर यायचं, इथं दंव पडताना. राहायला भोंगा: कच्च्या विटांच्या बिनगिलाव्याच्या चार भिंती, वर पेंढा, आत शिरायचं ते वाकूनच. आई-बाप थापायला बसले की बाळ भोंग्यात एकटं ठेवता येत नाही, कुत्री असतात, साप असतात. म्हणून झोळी बाहेर, विटांच्या ओळींच्या कडेला तिकाटण्याला. झोळीची दोरी सहा-सात वर्षांच्या बहिणीच्या पायाच्या अंगठ्याला. ती बसल्या बसल्या पेंगते, अंगठा हलत राहतो. फारच गारठा असला तर पेटत्या भट्टीच्या उबेला सगळे सरकतात, आणि मग पोराच्या नाकात रात्रभर धूर.

आमच्याकडे पोरांची वजनं घ्यायला लोंबता काटा असायचा, त्यालाही कापडाची झोळीच. गावातली पोरं त्यात घातली की आकांत करत. भट्टीवरची पोरं मुकाट, डोळे मिटून. काटा वाचताना हात थरथरायचा, कारण दिवाळीला भरलेलं वजन संक्रांतीनंतर खाली आलेलं असायचं. पोराचं नाव मोखाड्याच्या अंगणवाडीच्या यादीत, पोर माझ्यासमोर. यादीत नसलेल्या पोराला खाऊ द्यायचा तर वहीत काय लिहायचं, यावर मी वरिष्ठांशी पुष्कळ भांडले. १९९२ साली जव्हारच्या वावर-वांगणीत बालमृत्यू झाले, सगळा महाराष्ट्र हादरला, मंत्री येऊन गेले. ही भट्टीवरची माणसं त्याच डोंगरातली.

एका शेठला मी म्हटलं होतं, चार बांबू आणि ताडपत्री द्या, एका म्हातारीला रोज द्या, पोरं एका जागी राहतील. तो हसून म्हणाला, "ताई, मोकळी हवा आहे की इथं, अजून काय पाहिजे?" हे वाक्य मला डेन्मार्कच्या फोनच्या वेळी आठवलं.

पोरं सांभाळायची सोय आधी झाली तर बाकी सगळं होतं, हे आपल्याच जुन्या ठाणे जिल्ह्यात कुणीतरी फार पूर्वी ओळखलं होतं. ताराबाई मोडक १९४५ साली बोर्डीला आल्या, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. आदिवासी मुली शाळेत येईनात, कारण कडेवर धाकटं भावंड. मग ताराबाईंनी शाळाच पाड्याच्या अंगणात नेली, तिलाच अंगणवाडी म्हणू लागले. पुढं कोसबाडच्या टेकडीवर पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच छपराखाली आणली, विकासवाडी नावानं. मोठी बहीण शिकते, धाकटं पलीकडे झोपतं. गुरं राखणाऱ्यांसाठी त्यांनी कुरणशाळाही काढली. १९७५च्या २ ऑक्टोबरला सरकारची एकात्मिक बालविकास योजना आली. अंगणवाडी देशभर पोचली, पाळणाघर मात्र कोसबाडलाच राहिलं. तीन ते सहा वर्षांची पोरं माझ्याकडे दिवसाचे काही तास असत. दोन महिन्यांच्या पोराची जबाबदारी कुणाचीच नव्हती.

वज्रेश्वरीच्या पलीकडे उसगाव डोंगरीला विधायक संसद या संस्थेचं काम आहे. विवेक आणि विद्युल्लता पंडितांनी वेठबिगारीविरुद्ध लढा दिला, श्रमजीवी संघटना उभी केली. नव्वदच्या दशकात त्यांनी भट्ट्यांवर भोंगाशाळा काढल्या. पोरी तिथंही भावंडांना काखोटीला मारूनच आल्या. ताराबाईंना बोर्डीला दिसलं ते पन्नास वर्षांनी भट्टीवर तसंच.

गिरण्यांतल्या बायकांचं याहून वाईट होतं. मुंबईत बाई कामाला जाताना पोराला बाळगोळी देत असे, म्हणजे अफूची गोळी. १९२२ साली डॉ. बार्न्स या सरकारी डॉक्टरीण बाईंनी हे लिहून ठेवलं, पुढं कामगारांच्या प्रश्नांवरच्या रॉयल कमिशनच्या अहवालातही ते आलं. गिरणीच्या आत पोर नेता येत नव्हतं, बाहेर झोळी टांगायला झाड नव्हतं. १९४८च्या कारखाना कायद्यानं पन्नासाहून जास्त बायका असतील तिथं पाळणाघर सक्तीचं केलं, १९७६ साली ती संख्या तीसवर आणली. भट्टीवर बायकांची संख्या किती? वही बघा, शून्य.

भाचीकडून परवा एक गोष्ट कळली, ती मला बर्फातल्या झोपेपेक्षा मोलाची वाटते. फिनलंडच्या सरकारनं १९३८ साली गरीब आयांना बाळंतपणाची पेटी द्यायला सुरुवात केली, १९४९पासून सगळ्यांनाच. तिच्यात कपडे, अंथरूण आणि थंडीत बाहेर न्यायला उबदार झोपपिशवी. अट एकच, दिवस गेल्यावर वेळेत तपासून घ्यायचं. म्हणजे युल्प्पोंनी बाहेर झोपवा म्हटलं, आणि काही वर्षांत सरकारनं पांघरूणही पाठवलं. आपल्याकडे गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी शिकवली, त्यात बाळाला ऊब द्यायची पिशवीही होती. १९९९ साली लॅन्सेटमध्ये आलेल्या त्यांच्या निबंधात नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचं दाखवलं आहे. आज आशाताई जन्मानंतरच्या बेचाळीस दिवसांत घरी फेऱ्या मारतात ती त्याच कामाची पुढची पायरी. घर कुठलं, हा प्रश्न भट्टीवर उरतोच: मोखाड्याची आशा अंबाडीला येत नाही, आणि अंबाडीच्या आशेच्या यादीत ती बाई नाही.

आता अंबाडीच्या आजूबाजूला भट्ट्यांच्या जोडीला गोदामं आली. आमच्या गावातल्या सुना सकाळच्या गाडीनं पॅकिंगच्या कामाला जातात, पोर आजीपाशी. मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७च्या दुरुस्तीनं पन्नास किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेत पाळणाघर हवं आणि आईला दिवसातून चारदा तिथं जाता आलं पाहिजे, असा कायदा झाला. ठेकेदार माणसं तीन नावांवर वाटतो, पन्नास होतच नाहीत.

२०१९ साली राज्य सरकारनं बेबी केअर किट सुरू केलं. ब्लँकेट, छोटी मच्छरदाणी, कपडे, तेल असं बरंच त्यात. ते मिळतं सरकारी दवाखान्यात जन्मलेल्या पहिल्या अपत्याला. भट्टीवर मी पाहिलेल्या झोळ्यांत बहुतेक दुसरं नाहीतर तिसरं मूल असायचं, आणि पहिलं दोरी अंगठ्याला बांधून शेजारी बसलेलं.