नडगीच्या दुखण्याचा शोध

एक लोखंडी तार घ्या आणि एका हिसक्यात तोडायचा प्रयत्न करा. ती तुटणार नाही. आता तीच तार एकाच जागी मागेपुढे वाकवत राहा. थोड्या वेळात ती सहज तुटते. दर वेळी जोर थोडाच लावला होता, पण तो पुन्हा पुन्हा लावला. वर्गात हा प्रयोग दोन मिनिटांत होतो. धावणाऱ्या मुलांची नडगी का दुखते, या प्रश्नाची सुरुवात इथूनच करता येते.

शाळेच्या क्रीडास्पर्धा जवळ आल्या किंवा पोलीस-सैन्य भरतीची तयारी सुरू झाली, की काही आठवड्यांत एखादा मुलगा नाहीतर मुलगी नडगीच्या आतल्या कडेवर हात ठेवून "इथं दुखतं" म्हणून सांगते. पडल्याचं, लागल्याचं आठवत नाही. वरून काही दिसतही नाही. मग "सवय नाही, पळत राहा, आपोआप जाईल" असा सल्ला मिळतो. या दुखण्याला 'शिन स्प्लिंट्स' म्हणतात. धावपटूंमध्ये ते नेहमी आढळतं. पण त्यामागे नेमकं काय घडतं, हे कळायला बराच काळ जावा लागला.

या गोष्टीची सुरुवात मैदानावर नाही, तर छावणीत होते. १८५५ मध्ये ब्राइटहाउप्ट नावाच्या प्रशियाच्या लष्करी डॉक्टरांनी नव्या शिपायांच्या एका दुखण्याचं वर्णन केलं. लांबच लांब कूच केल्यावर त्यांची पावलं सुजत आणि दुखत. हाड मोडल्याची खूण नव्हती. त्यामुळे ही सूज स्नायूंच्या दोऱ्यांभोवतीच्या आवरणांची असावी, असं त्यांना वाटलं. १८९५ च्या अखेरीस राँटजेन यांनी क्ष-किरण शोधले आणि दोनच वर्षांत, १८९७ मध्ये, श्टेखो यांनी अशा शिपायांच्या पावलांचे फोटो काढून दाखवले. चवड्याच्या लांब हाडांना चक्क तडे गेले होते! कसलाही अपघात न होता, नुसत्या चालण्यानं हाड मोडू शकतं, हे प्रथमच डोळ्यांना दिसलं.

गंमत अशी, की याच प्रशियात त्याच सुमारास आणखी एका 'मोडण्या'चा अभ्यास चालू होता. आगगाड्यांचे आस अचानक तुटत. १८४२ मध्ये फ्रान्समध्ये व्हर्सायजवळ इंजिनाचा आस तुटून झालेल्या अपघातात पन्नासहून अधिक माणसं दगावली होती. ऑगस्ट व्होलर या रेल्वे-अभियंत्यानं आसांवर भार ठेवून ते यंत्रावर सतत फिरवले. जो भार आस एकदा सहज पेलतो, तोच असंख्य वेळा पडला तर आस मोडतो, हे त्यानं आकड्यांनिशी दाखवलं. धातूचा 'थकवा' म्हणतात तो हाच.

मग हाडही असंच थकतं का? धावताना दर पावलाला शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट बल जमिनीकडून पायावर येतं. एका किलोमीटरमध्ये प्रत्येक पाय सुमारे पाचशे वेळा टेकतो. नडगीचं हाड दर वेळी किंचित वाकतं आणि पुन्हा सरळ होतं. आसाशी साम्य आहे खरं, पण ते इथंच संपतं. आसाला पडलेली भेग आपोआप बुजत नाही. हाड मात्र जिवंत आहे.

१८९२ मध्ये बर्लिनच्या युलियस वोल्फ या शल्यचिकित्सकानं एक नियम मांडला : हाडावर जसा भार पडतो, तशी त्याची रचना बदलत जाते. टेनिस खेळाडूंच्या रॅकेट धरणाऱ्या हाताचं हाड दुसऱ्या हातापेक्षा जाड असतं, ते यामुळेच. पण हा बदल होतो कसा? १९६० मध्ये अमेरिकेतल्या हॅरॉल्ड फ्रॉस्ट यांनी दाखवलं, की जिवंत माणसाच्या हाडातही सूक्ष्म भेगा असतात. अशा भेगांची डागडुजी दोन टप्प्यांत होते. आधी एका प्रकारच्या पेशी खराब भाग पोखरून काढतात. त्याला साधारण तीन आठवडे लागतात. मग दुसऱ्या प्रकारच्या पेशी तिथं नवं हाड भरतात. त्याला मात्र सुमारे तीन महिने लागतात.

गवंडी जुनी भिंत दुरुस्त करतो तेव्हा आधी सैल विटा काढतो. त्या वेळी भिंत पूर्वीपेक्षाही कमकुवत असते. हाडाचंही तसंच. म्हणजे व्यायाम सुरू केल्यावर हाड आधी कमजोर होतं आणि मग बळकट. नेमक्या याच मधल्या काळात, दमसास वाढला म्हणून, आपण अंतर वाढवतो!

इकडे नडगीबद्दलचा वाद चालूच होता. काहींच्या मते पोटरीचे स्नायू हाडावरचं आवरण ओढतात म्हणून दुखतं. १९५८ मध्ये इंग्लंडच्या मायकेल देवास यांनी उलट सांगितलं, की धावपटूंच्या नडगीच्या दुखण्यामागे हाडाचा बारीक तडाच असतो आणि तो सुरुवातीच्या क्ष-किरण फोटोत दिसत नाही. १९८० च्या दशकात किरणोत्सारी द्रव्य टोचून हाडांची चित्रं घेतली, तेव्हा दोन वेगळे नमुने दिसले. काहींच्या नडगीवर लांबट, पसरलेला पट्टा होता, तर काहींच्या एकाच जागी ठळक ठिपका. पट्टा म्हणजे शिन स्प्लिंट्स, ठिपका म्हणजे तडा. पुढे स्वीडनमध्ये २००१ मध्ये असं आढळलं, की दीर्घकाळ नडगी दुखणाऱ्या खेळाडूंच्या हाडाची घनता दुखऱ्या भागातच कमी असते. २००३ मध्ये दिसलं, की दुखणं बरं झाल्यावर ती भरून येते. स्नायूंची ओढ किती आणि हाडाचं वाकणं किती, यावर शास्त्रज्ञांचं आजही एकमत नाही. पण त्यात हाडाचा सहभाग आहे, हे आता स्पष्ट आहे.

मग उपाय काय? १९७४ मध्ये अमेरिकेच्या नौदल अकादमीतल्या २,७७७ नव्या छात्रांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. बर्फ, औषधं, ताणाचे व्यायाम, प्लास्टर असे उपाय करून पाहिले. निव्वळ विश्रांतीपेक्षा सरस काहीच ठरलं नाही. इस्रायली सैन्यात १९८५ च्या एका पाहणीत २९५ नवशिक्या सैनिकांपैकी ३१ टक्क्यांच्या हाडांना असे तडे आढळले. तिथं अनेक वर्षं बूट, पट्ट्या असं बरंच काही तपासलं गेलं. २००८ मध्ये संशोधकांनी सांगितलं, की एकूण कूच कमी केल्यावर आणि किमान सहा तास झोप सक्तीची केल्यावर हे प्रमाण ६० टक्क्यांहून अधिक घटलं.

शिक्षकांना यातून काय घेता येईल? स्पर्धेच्या आधी महिनाभर धावायला लावण्याऐवजी तीन-चार महिने आधी थोड्या अंतरापासून सुरुवात करावी आणि आठवड्यात मोकळे दिवस ठेवावेत. नडगी दुखू लागली तर धावणं थांबवावं. सायकल, पोहणं चालू ठेवता येतं. चालताना दुखेनासं झालं, की हळूहळू परत धावायला लागावं. बोटांनी दाबून पाहावं. चार-पाच बोटं रुंदीच्या पट्ट्यात दुखत असेल तर बहुधा शिन स्प्लिंट्स. एकाच जागी नेमकं दुखत असेल, रात्रीही ठणकत असेल किंवा एका पायावर उडी मारवत नसेल, तर तडा असू शकतो. अशा वेळी डॉक्टरांना दाखवायला हवं. पहिला क्ष-किरण फोटो स्वच्छ आला, तरी मुलाला लगेच मैदानात उतरवू नये. अपुरं खाऊन भरपूर धावणाऱ्या, पाळी थांबलेल्या मुलींकडे विशेष लक्ष द्यावं. त्यांच्या हाडांना हा धोका जास्त असतो.

"दुखतं" म्हणणारं मूल कामचुकार असतंच असं नाही. ब्राइटहाउप्ट यांच्या शिपायांनाही काही न मोडता दुखत होतं. मोडलेलं दिसायला बेचाळीस वर्षं लागली.